सरांचं स्टूल

तमाम नागपूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की एका गुरुवारी सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये मला बसायला स्टूल मिळालं.

हसू नका. डोळ्यांचा डॉक्टर होऊ घातलेल्या माणसाचं सगळं आयुष्य त्या स्टुलाभोवती फिरतं. त्यावर सर्जन बसतो; आमच्याकडे आमचे सर. मी पावणेदोन वर्षं त्याच्या शेजारी होते, पेशंटच्या डोळ्यावर पाण्याचे थेंब सोडत. जेवणाच्या सुट्टीत थिएटर रिकामं असलं, की मी गुपचूप त्या स्टुलावर बसून यायची. हॉस्टेलवर बकऱ्याच्या डोळ्यांवर टाके घालायची. मटणवाला लांबूनच विचारायचा, "काय मॅडम, आज बी फक्त डोळेच?"

आणि त्या दिवशी सर म्हणाले, "बसा. ही केस तुमची."

आज मनीषनगरात माझ्या स्वतःच्या दवाखान्यात तीन स्टुलं आहेत. एकावरही त्या दिवशीसारखं बसता येत नाही.

केस म्हणजे पारशिवनीकडच्या गयाबाई. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू; उजेड-अंधार तेवढा कळायचा. त्यांनी मला फक्त ऐकलं होतं, आणि माझा आवाज जन्मापासून भरदार. आदल्या दिवशी हात धरून म्हणाल्या, "बाई, आवाजावरून तुमी जुन्याजाणत्या वाटता. तुमीच करा माह्यं आपरेशन. नातजावई कसा हाय, मले सोताच्या डोळ्यानं पाह्याचं हाय. घरचे काई नीट सांगत नाई."

मी नुसती खोकले. जुनीजाणती खोकते तशी.

या ऑपरेशनला फक्त डोळा बधिर करतात. माणूस जागा असतो, सगळं ऐकतो. म्हणून आमच्या थिएटरात 'चुकलं' हा शब्द बंद. सरांची भाषा ठरलेली. 'छान' म्हणजे चालू द्या. 'सुंदर' म्हणजे सांभाळा. 'अतिसुंदर' म्हणजे हात थांबवा आणि स्टूल सोडा.

डोळ्यातल्या भिंगावर द्राक्षाच्या सालीसारखा पातळ पडदा असतो. त्यात गोल खिडकी फाडून मोतीबिंदू बाहेर काढायचा. फाट कडेला पळाली, की खेळ बिघडतो.

"छान," सर म्हणाले. अर्धं वर्तुळ झालं.

"सुंदर."

फाट कडेकडे निघाली होती. आता 'अति' येणार, आणि पुन्हा पाण्याचे थेंब! मी फाटीला अगदी मुळाशी पकडलं आणि आतल्या बाजूला ओढलं. ती वळली.

हिरव्या कापडाखालून गयाबाई म्हणाल्या, "जमून राहिलं ना, बाई?"

"छान," सरांनी परस्पर उत्तर दिलं. मोतीबिंदू निघाला, नवीन भिंग बसलं.

दुसऱ्या सकाळी पट्टी काढायची होती. मी ॲप्रनला इस्त्री केली होती. आरशासमोर तालीमही झाली होती: पेशंट हात जोडतो, मी मान किंचित झुकवते.

"गयाबाई, किती बोटं?"

"तीन."

बरोबर! मग त्यांची नजर बोटांवरून मनगटावर, मनगटावरून माझ्या वेणीवर, वेणीवरून गालावरच्या मुरमांवर आली. मग त्या माझ्या मागे कोणी मोठी बाई उभी आहे का, ते पाहू लागल्या.

"मीच केलं ऑपरेशन," मी माझ्या भरदार आवाजात म्हणाले.

तेव्हापासून माझं मत आहे, की कौतुक हवं असेल तर ते पट्टी काढण्याआधीच पदरात पाडून घ्यावं. कारण गयाबाई अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "अवं माय! हे त पोट्टी हाय! काल दिसलं असतं त हात लावू देला असता काय मी तुले!"