डाव्या हाताचा बोल्ट

कानसदादांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, हात राहत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते आधी त्याच्या बोटांकडे बघायचे आणि मग ओळख पटल्यासारखे हसायचे. एकदा हिवाळ्यात माझ्या वडिलांनी, आप्पांनी, स्नेहलतागंजच्या कोपऱ्यावर त्यांना हाक मारली. आप्पांच्या हातांत लोकरीचे मोजे होते. दादा "कौन साब?" म्हणून पुढे चालू लागले. आप्पांनी मोजा काढून हात हलवला, तेव्हा कुठे "अरे, आप्पासाहेब! ऐसे छुपके क्यों घूमते हो?" झालं.

त्यांचं खरं नाव घरच्यांखेरीज कुणी घेत नसे. कोटाच्या वरच्या खिशात लोक पेन ठेवत, तिथे यांची एक लहान कानस असायची. बोलता बोलता ते हाताला लागेल त्या वस्तूची धार घासून मऊ करत. आमच्या मावशीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना यांनी मांडवातल्या लोखंडी खुर्चीचा टोचणारा कोपरा घासून गुळगुळीत केला होता. अक्षता टाकायच्या राहिल्या. मावशीला ते म्हणाले, "अक्षता सगळेच टाकतात. निदान तुझ्या सासऱ्यांचं धोतर तर नाही फाटलं."

संस्थानच्या शस्त्रागारात त्यांची उभी हयात गेली होती. संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं, फौजेची पांगापांग झाली. दादांनी रीतसर परवाना काढला आणि पोलोग्राउंडला पत्र्याच्या शेडमध्ये धातू कातायचा एक जुना लेथ मांडला. जुन्या शिकारी रायफलींचे सुटे भाग विलायतेहून येईनासे झाले होते, ते दादा घडवून देत. त्यातही बोल्ट हा त्यांचा जीव. बोल्ट म्हणजे रायफलीच्या नळीची मागची कडी. वर करून ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे सारून खाली दाबली की नवं आत जातं आणि दार बंद होतं. दादा म्हणत, "गोळी तो कोई भी चला लेगा, भिया. दार नीट लावणारा पाहिजे. दार उघडं राहिलं तर गोळी वाघाला नाही, मालकाला विचारते."

बेटम्याकडच्या एका जहागीरदारांना बोल्टला चांदीची मूठ हवी होती. बोल्ट आतून झिजलेला. दादांनी तो काढून घेतला आणि नुसती रायफल परत दिली. जहागीरदार तापले. दादा शांतपणे म्हणाले, "हुजूर, मूठ चांदीची करतो, सोन्याची करतो. पण ती धरायला हात राहिला पाहिजे ना." नवा बोल्ट होईपर्यंत त्यांनी जुना दिला नाही तो नाहीच.

माझी त्यांच्याशी खरी गाठ पडली ती कॉलेजात मुलींना नेमबाजी शिकवणं सुरू झालं तेव्हा. मी डावखुरी. लहानपणी आईने माझ्या डाव्या हाताला चिंधी बांधून उजव्या हाताने जेवायला आणि लिहायला शिकवलं होतं. पण रायफल हातात आली की ती आपोआप डाव्या खांद्याला जायची. बोल्टची मूठ उजवीकडे, त्यामुळे दर गोळीला मला सगळी पकड सोडावी लागे आणि उडालेलं गरम काडतूस गालाशी येई. गालावर डाग घेऊन घरी गेले की आई म्हणे, "बघ, हात वाकडा तर सगळंच वाकडं."

आप्पांकडे आजोबांच्या वेळची एक हलकी रायफल होती, एकेक गोळी भरायची. ती आणि मला घेऊन आप्पा दादांच्या शेडमध्ये गेले. म्हणाले, "हिला उजव्या खांद्याची सवय लागेल असं काही करून द्या."

दादांनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग मला डोळ्यांसमोर अंगठा धरायला लावलं, एकेक डोळा मिटायला लावला. "आप्पासाहेब, हिचा डावा डोळा मालक आहे, उजवा नोकर. हाथ तो ठीक, डोळा कसा बदलणार? रायफल बदलू."

"म्हणजे?"

"मूठ डावीकडे नेतो. बोल्ट नवा, सगळा उलटा. पण त्यासाठी डाव्या बाजूने रायफलीच्या पोलादात खाच कापावी लागेल. एकदा कापली की परत जुळत नाही. विचार करून या."

आप्पा आठ दिवसांनी गेले, दादांनी पुन्हा परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला आप्पा बराच वेळ वडिलांच्या त्या रायफलीवर हात ठेवून बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिचा हात बांधला होता आम्ही. तो तरी कुठे जुळला परत? कापा तुम्ही." दादांनी खिशातली कानस काढली आणि उगीचच बाकाची कड घासत राहिले.

महूला नेमबाजीची स्पर्धा होती. आदल्या आठवड्यात बोल्ट तयार झाला, निळसर, देखणा. पाणी देऊन पोलाद कडक केलेलं होतं. मी हात पुढे केला, तर दादा म्हणाले, "सबर." त्यांनी तो घासलेटात बुडवला, कोरडा पुसला आणि त्यावर खडूची भुकटी भुरभुरली. थोड्या वेळाने पांढऱ्या भुकटीत केसाएवढी एक ओली रेघ उमटली. तडा. दादांनी ती मला दाखवली, बोल्ट ऐरणीवर ठेवला आणि हातोड्याने दोन तुकडे केले. मी तिथेच रडायला लागले.

"रड, बेटा," ते म्हणाले, "पण जरा बाजूला जाऊन. खडू भिजेल."

पाच दिवसांत त्यांनी दुसरा घडवला. पुन्हा घासलेट, पुन्हा खडू. रेघ नाही. मग रायफल लाकडी घोडीला बांधून, वाळूच्या पोत्यांआड बसून, दोरीने चाप ओढून वीस गोळ्या उडवल्या. एकविसावी मला दिली. मी डाव्या हाताने बोल्ट सारला, आणि तो असा बसला की मला जन्मात पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी एखादी वस्तू माझ्यासाठी केली आहे.

महूला दादा बसने आले. लोक दुर्बिणीतून निशाणा बघत होते आणि हे त्याच्याकडे पाठ करून, डोळे मिटून बसलेले. मी तिसरी आले. आप्पांचा चेहरा पडला, मैत्रिणी समजूत घालायला धावल्या. दादा मात्र सर्वांना सांगत फिरत होते, "चाळीस बार खुला, चाळीस बार बंद हुआ! एकदाही अडला नाही!" पहिल्या नंबरवाल्या बाईंनाही त्यांनी पेढा देऊन हेच ऐकवलं. त्यांना वाटलं, हे माझे वडील, आणि थोडे भ्रमिष्ट.

नंतर दादांचा हात थरथरू लागला तसे ते लेकीकडे जबलपूरला निघाले. लेक न्यायला आली होती. मी आणि आप्पा स्टेशनवर गेलो. मी वाकले तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "नमस्कार राहू दे. एक विचारायचं राहून गेलं. खरं सांगशील? महूला तिसरी का आलीस?"

दोन वर्षं झाली होती त्या गोष्टीला.

"शेवटच्या गोळीला श्वास चुकला, दादा. घाबरले होते."

"बोल्ट नाही ना?"

"बोल्ट नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की शेजारचा हमाल वळून बघायला लागला. "दो साल से सोया नहीं ठीक से," ते म्हणाले आणि डब्यात चढले. लेकीने खिडकीतून हात हलवला. दादा नव्हते दिसत. तिने गालाखाली हात धरून खूण केली. गाडी हलायच्या आत त्यांना गाढ झोप लागली होती.