खुर्चीच्या पोटातली तारीख

आत्या कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती उलटी करून बघायची. दवाखान्यात, बँकेत, लोकांच्या दिवाणखान्यात; रोज, न चुकता. पालथ्या खुर्चीच्या तळावरून हात फिरवायची, दोन टाके नखाने दाबायची, मग खुर्ची सुलटी करून निवांत बसायची. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "वन्सं, लोक बघतात," ती म्हणायची. "बघू देत की, फुकट आहे," आत्या म्हणायची.

जुन्या खुर्च्या आणि सोफे उसवून नव्याने शिवणं हा तिचा धंदा. एका अरुंद गल्लीत तिचा भाड्याचा गाळा होता. आत काथ्याचा ढीग, स्प्रिंगांची पोती, आणि खिळ्यांना टांगलेल्या वाकड्या सुया. सकाळचं ऊन दारातून तिरकं आत यायचं आणि त्यात काथ्याची धूळ तरंगत राहायची. तळाचं कापड शिवून बंद करण्याआधी ती आतल्या लाकडावर पेन्सिलीने तारीख लिहायची आणि त्या दिवसाची एखादी ओळ. 'आज हवा कोंदट.' 'शेजारच्या बाळाला पहिला दात.' ही सवय तिला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याची. पुढे कधीतरी जो कारागीर ती खुर्ची उघडेल, त्याच्यासाठी तेवढाच निरोप.

स्वतःचा धंदा असणाऱ्यांना वर्षाचं कर विवरणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत द्यावं लागतं. त्या वर्षी आत्याला नोटीस आली: विवरणपत्र तीन दिवस उशिरा मिळालं, दंड भरा. शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, ती स्वतः जाऊन कार्यालयातल्या पेटीत पाकीट टाकून आली होती. तिने नोटिशीची घडी घातली आणि सुयांच्या डब्याखाली ठेवून दिली. पण न भरलेल्या दंडावर रोजचा दंड चढत गेला, आणि पाच महिन्यांत तो गाळ्याच्या वर्षाच्या भाड्याएवढा झाला. भरायचा तर गाळा सोडावा लागणार होता. बाबा म्हणाले, ताई, सरकारशी कोण डोकं लावणार, अर्धे मी देतो, मिटवून टाक. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"उशीर केला असता तर हसत भरला असता," ती म्हणाली. "न केलेल्या उशिराचा एक पैसा देणार नाही."

तिने अपील केलं. सुनावणीला मी सोबत निघाले, तेव्हा आईने दारातच बजावलं, की आज तरी खुर्ची उलटी करू नका. आत्याने मान डोलावली.

कार्यालयात बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या. भिंती पांढऱ्या. आत्याने माझ्याकडे एकदा चोरून बघितलं आणि तिसरी खुर्ची उलटी केली. मग तशीच वाकून राहिली. तळाच्या काळ्या कापडावर एका कडेने तिरके, बारीक टाके होते.

"हा माझा हात आहे," ती म्हणाली.

तेव्हा तिला आठवलं. त्या शुक्रवारी जेवणाची सुट्टी म्हणून कागद घ्यायची खिडकी बंद होती. ती थांबली होती, खुर्चीच्या तळाचा पट्टा लोंबत होता, आणि पिशवीत सुई होतीच. पट्टा ताणून, कापड परत शिवून झालं तरी खिडकी उघडली नव्हती, म्हणून पाकीट पेटीत टाकून ती घरी आली. रोजच्या सवयीची गोष्ट, लक्षात कशी राहणार?

आमचं नाव पुकारल्यावर आत्याने खुर्ची कमरेवर घेतली. शिपाई म्हणाला, खुर्ची न्यायची परवानगी नाही. "आतच नेतेय ना बाबा, बाहेर कुठे," असं म्हणून ती चालू लागली.

आत एक तरुण अधिकारी बाई होत्या आणि बाजूला कारकून. तो म्हणत होता, की पेटी रोज संध्याकाळी रिकामी होते आणि पाकिटावर शिक्का सोमवारचा आहे. म्हणजे या बाई शुक्रवारी आल्याच नव्हत्या. आत्याने परवानगी मागितली आणि आपलेच टाके एकेक करून उसवले. कापड दुमडलं. लाकडावर तारीख होती, आणि खाली ओळ: 'शुक्रवार. अर्धी भिंत हिरवी, अर्धी पांढरी. हिरवा वाईट दिसतोय.'

बाईंनी वाकून वाचलं. "हे नंतरही लिहिता आलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि इथे हिरवं काय आहे?"

कारकुनाचा चेहरा उतरला. तो हळूहळू बोलू लागला. शुक्रवारी दुपारी बाहेरच्या खोलीला हिरवा रंग लावायला घेतला होता, संध्याकाळपर्यंत चारही भिंती झाल्या. सोमवारी मोठ्या साहेबांना तो आवडला नाही, म्हणून रात्री कार्यालय बंद झाल्यावर वरून पांढरा मारला.

"म्हणजे अर्धी हिरवी भिंत फक्त शुक्रवारी दुपारी दिसली असेल," बाई म्हणाल्या. "मग त्या संध्याकाळी पेटी कोणी उघडली?"

कोणीच नाही. पेटीची किल्ली ज्याच्याकडे असते, तो त्या दिवशी लवकर घरी गेला होता. सोमवारी पेटी उघडली, आणि आतल्या एक्केचाळीस पाकिटांवर सरसकट सोमवारचा शिक्का बसला.

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस दंड रद्द झाले. बाकीच्या चाळीस जणांपैकी कोणालाच आत्या ठाऊक नव्हती. निकाल ऐकूनही ती जागची हलली नाही. तिथेच मांडी घालून तिने खुर्चीचं कापड पुन्हा शिवलं. त्याआधी जुन्या ओळीखाली नवी तारीख घातली आणि लिहिलं, 'पांढराच बरा.' बाई हातातलं काम सोडून शेवटच्या टाक्यापर्यंत बघत राहिल्या. पुढच्या आठवड्यात कार्यालयाच्या उरलेल्या पाच खुर्च्या दुरुस्तीला गाळ्यात आल्या. घेऊन आला तोच कारकून, घाम पुसत. आत्याने त्याला पाणी दिलं आणि बसायला स्टूल पुढे केलं. त्याने आधी ते उलटं करून बघितलं. त्या दिवशी हे ऐकून आई पहिल्यांदा त्या प्रकाराला हसली.

गाळा आणखी अकरा वर्षं तिचाच राहिला. ती गेली त्या दिवशी दुपारी तिने तिथूनच मला फोन केला. एक खुर्ची अर्धी शिवून झाली होती.

"येताना काळा दोरा आण," ती म्हणाली. "जाडा बघून घे, मागच्या वेळचा कच्चा निघाला."