आत्याआजी सोरॉरिटीत

लेकीने फोनवर सांगितलं की ती सोरॉरिटीत गेली, तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणालो. ती ॲन आर्बरच्या विद्यापीठात मेकॅनिकल करत होती. मीही तिथेच शिकलो होतो, आणि त्या वर्षांत सोरॉरिटीची घरं फक्त बसच्या खिडकीतून पाहिली होती. पांढरे खांब, दारावर भलीमोठी ग्रीक अक्षरं, थंडीत हिरवळीवर गाणी म्हणत टाळ्या वाजवणाऱ्या मुली.

आत्या तेव्हा सांगलीहून आमच्याकडे ईडन प्रेरीला आली होती. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. तिनेच मला वाढवलं.

"सोरॉरिटी म्हणजे काय रे?"

"मुलींचा क्लब. नुसत्या पार्ट्या."

पुढे सोरॉरिटीने मुलींच्या आयांना चहाला बोलावलं. बायकोच्या ऑफिसात नेमकं मोठं काम निघालं. "मग मी जाते की," आत्या म्हणाली. तिला सोडायला म्हणून मीही विमानात बसलो.

सोरॉरिटीच्या दिवाणखान्यात एवढ्या बायकांत मी एकटा पुरुष. एका उंच मुलीने उभं राहून इतिहास सांगितला. दीडशे वर्षांपूर्वी कॉलेजांनी मुलींना नुकतंच आत घ्यायला सुरुवात केली होती. मुलांच्या मंडळांची दारं मात्र बंदच. म्हणून मुलींनी आपली मंडळं काढली, पण त्यांना म्हणायचं काय? शब्दच नव्हता. मग त्याही स्वतःला मुलांसारखंच 'फ्रॅटर्निटी' म्हणवून घ्यायच्या. असं सांगतात, की पुढे लॅटिनच्या एका प्राध्यापकांनी सुचवलं, बहिणीला लॅटिनमध्ये 'सोरॉर' म्हणतात, त्यावरून नाव घ्या.

"अगं बाई, स्वसृ!" आत्या मोठ्याने म्हणाली. सगळ्या वळून बघायला लागल्या. "फ्रॅटर म्हणजे आपल्या संस्कृतातला भ्राता, आणि सोरॉर म्हणजे स्वसा, बहीण. सांग ना गं त्यांना!"

लेकीने लाजत लाजत सांगितलं. त्या उंच मुलीने विचारलं, "म्हणजे तुमचा शब्द आणि आमचा शब्द नात्यातले?"

"सख्ख्या बहिणी," आत्या म्हणाली.

मग कुणीतरी विचारलं, तुमच्याकडे असं काही होतं का? आत्या सरसावून बसली. गावातल्या पुरुषांच्या मंडळात बायकांना फक्त हळदीकुंकवापुरती जागा मिळायची. तेव्हा हिने आणि चार शिक्षिकांनी शाळेच्या वर्गात दर बुधवारी दुपारी जमायला सुरुवात केली. पुरुषांनी उदार होऊन नाव दिलं, 'महिला शाखा'.

"मी म्हटलं, शाखा कशाला? आम्ही काय फांद्या आहोत?"

एकीने देवीचं नाव सुचवलं. पण त्यांच्यात एक मुसलमान बाई होत्या, एक ख्रिश्चन. शेवटी 'भगिनी मंडळ' ठरलं, कारण ते पाचही जणींना आपलं वाटलं. लेक भाषांतर करत होती आणि मुली हसत होत्या. मी आत्याच्या घरात लहानाचा मोठा झालो, पण मला हे माहीत नव्हतं. बुधवारी आत्या उशिरा यायची आणि मला भूक लागायची, एवढंच आठवत होतं.

चहा झाल्यावर लेक आम्हाला भाड्याच्या गाडीपर्यंत सोडायला आली. रस्त्यात आत्याने तिला सरळच विचारलं, "तुला का जावंसं वाटलं गं इथे?"

लेक म्हणाली, "आत्याआजी, लॅबमध्ये मी एकटीच मुलगी होते. ग्रुप करायचे तेव्हा मी उरायचे. नोबडी वॉज मीन, यू नो? पण लंचला रोज लायब्ररीत जाऊन एकटीच खायचे. मग इथल्या एकीने मला जेवायला बोलावलं."

मी किल्ली हातात धरून उभा राहिलो. रविवारी फोनवर ती "ऑल गुड, बाबा" म्हणायची आणि मी खूश होऊन फोन ठेवायचो.

"आम्हाला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू लगेच ड्राइव्ह करत आला असतास, बाबा."

आलोच असतो, यात शंका नाही. येऊन काय केलं असतं, ते सांगता येत नाही.

आत्याने तिच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि विचारलं, "जिने बोलावलं, ती कोणती?"

"ती उंच. हिस्टरी सांगत होती ना, ती."

"मग तिलाही घे बरोबर. आज जेवायला मी नेते तुम्हाला."

लेक आमच्याकडे पाठ करून पळतच परत गेली, तिला बोलवायला.