जिजीचं गायरान

"तुमनाकडे फूल उनं का?"

जिजी भेटल्यावर तब्येत विचारत नसत, पाऊसपाणी विचारत नसत. तुमच्याकडे फूल आलं का, एवढंच विचारत. नवीन माणूस गोंधळून कपाशीचं सांगू लागे. जिजी हात झटकून म्हणत, "कपाशीनं नही, गाजरगवतनं."

हे गवत तुम्हीही पाहिलं आहे. रस्त्याकडेला, शाळेच्या कुंपणाशी, बसथांब्यामागे. गाजरासारखी पानं, बारीक पांढरी फुलं. बहुतेकांना त्याचं काही होत नाही. जिजींना होई. अंगाला लागलं की कातडी लाल व्हायची, मग काळी पडून जाड व्हायची. फुलांच्या दिवसांत डोळे सुजून बंद व्हायचे. शहाद्याच्या डॉक्टरांनी गाव सोडायला सांगितलं. जिजींचं उत्तर गावात सगळ्यांना पाठ आहे: "गवतले धाडा ना गावबाहेर. मी काबर जाऊ?"

कळसाडीच्या पुढे, उसाच्या पट्ट्यातलं हे गाव. जिजींचं घर शेवटचं. परसदाराबाहेर पाऊल टाकलं की गायरान. स्वतःच्या शेताचे बांध त्या स्वच्छ ठेवत, पण बी गायरानातून उडून येई. गायरान सगळ्यांचं, म्हणजे उपटायला कोणाचंच नाही.

म्हणून जिजींनी इर्जिक सुरू केली. एरवी इर्जिकीत गाव एकाच्या शेतात राबतं आणि तो गावाला जेवू घालतो. जिजींनी गायरानासाठी गाव बोलावलं आणि वरण-बट्टी स्वतःच्या घरची घातली. वेळ ठरलेली होती. कपाशीची पहिली कोळपणी झाली की लगेच, गवत वीतभर असताना, फूल यायच्या आत. कोपरापर्यंत मुलाचे जुने पायमोजे चढवून, तोंडाला ओढणी बांधून त्या चुलीजवळ उभ्या राहत. जेवणाची अट एकच होती. "मूळ दखाड, मंग ताट ले."

सरपंच एकदा नुसते शेंडे खुडून रांगेत आले.

"हाई मूळ शे का?"

"जिजी, मी सरपंच शे."

"मंग तुन्हं मूळ आखो लांबं पाहिजे. जाय परत."

सरपंच परत गेले आणि मूळ घेऊन आले. तेव्हा सगळे हसले होते, सरपंचही.

सलग काही वर्षं हे चाललं. गायरानात पुन्हा चारा दिसू लागला. जिजींचे डोळे पावसाळाभर उघडे राहू लागले. मी त्या इर्जिकीची बातमी केली होती. आतल्या पानावर, फोटोशिवाय लागली.

त्यानंतर उपद्रवी वनस्पतींच्या निर्मूलनासाठी अनुदान आलं. गायरानासारख्या सार्वजनिक जमिनीसाठी ग्रामपंचायतीनं प्रस्ताव द्यायचा, खाजगी शेतासाठी शेतकऱ्यानं. आधी पाहणी, मग मंजुरी, मग मशीननं काम. पाहणी पथक आलं तेव्हा इर्जिक होऊन गेली होती. शेरा पडला: प्रादुर्भाव आढळला नाही. गायरान अपात्र. जिजींचे बांधही अपात्र. शेजारच्या गावात कोणी गवताला हात लावला नव्हता. ते पात्र ठरलं. तिथलं मशीन दिवाळीनंतर आलं आणि वाळलेली, बी झाडून मोकळी झालेली खोडं कापून गेलं. कागदोपत्री काम पूर्ण झालं.

जिजींनी पथकातल्या साहेबांना विचारलं, "जो घर झाडस, त्याले झाडू नही, असं का?"

साहेब म्हणाले, "आजी, निकष वरून येतात."

पुढच्या वर्षी ग्रामसभेत सरपंच उभे राहिले. "या सालले कोनी हात लावू नका. पाहणी होऊ द्या. गवत दिसनं ते अनुदान भेटी."

"फूल उनं म्हंजे सरनं," जिजी म्हणाल्या. "मंग उपटीसन काय उपयोग?"

"मशीन ई आनि कापी, जिजी."

"मशीनना डोया सुजतस का?"

कोणी हसलं नाही. हात वर झाले. ज्यांनी जिजींची बट्टी खाल्ली होती, त्यांचेही झाले. मी हे मागच्या बाकावर बसून पाहिलं. कोणी वाईट माणूस नव्हतं. गवत राखणाऱ्याला पैसे आणि उपटणाऱ्याला शेरा, असा नियम शहाण्या लोकांनी वातानुकूलित खोलीत बसून केला होता. गाव तो पाळत होतं. नियम करणाऱ्यांपैकी कोणाच्याही परसदाराबाहेर गायरान नव्हतं.

पाहणी लांबली. एकदा गाडी नाही म्हणून, एकदा साहेब निवडणुकीच्या कामाला म्हणून. गवत कमरेपर्यंत आलं. पथक पोहोचलं तेव्हा गायरान पांढरंशुभ्र होतं. घरामागच्या कोपऱ्यात जिजी एकट्या उपटत होत्या. हातांवर पायमोजे चढवलेले, एक डोळा पूर्ण मिटलेला.

मोबाईलवर फोटो काढणाऱ्या कर्मचाऱ्यानं हाक मारली, "आजी, जरा बाजूला व्हा. गवत दिसू द्या."

जिजी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाजूला झाल्या नाहीत. मग सरपंचांनी त्यांना दंडाला धरून, हळुवारपणे, बाजूला नेलं. हळुवारपणे, हे मुद्दाम लिहितो. त्याच आठवड्यात जिजींचा मोठा मुलगा गाडी घेऊन आला आणि त्यांना नवापूरमार्गे सुरतेला आपल्या घरी घेऊन गेला. जिजींच्या दारातल्या म्हशी विकल्या.

निधी मार्चअखेरीला आला. मशीनच्या शुभारंभाला आम्हा पत्रकारांना बोलावणं होतं. नारळ फुटला, हार झाले. मशीन सुरू झालं. करड्या, पोकळ खोडांचा भुगा उडू लागला. मी बाजूला जाऊन जिजींना फोन लावला.

"अठे गवतच नही, भाऊ," त्या म्हणाल्या. "सातवा मजला शे. आंग साफ व्हई गयं. खाज नही, सूज नही." आणि पुढे, "मंग अठे बठीसन करू काय?"

लगेच त्यांनीच विचारलं, "तो आवाज कसाना शे?"

"मशीनचा, जिजी. गायरानात काम सुरू झालं."



"आते?" जिजी म्हणाल्या.