पट्टीवरचा तपकिरी थर
फिनाईलचा वास आला की मला आमच्या वरवे गावचा ओढा आठवतो. वरच्या कारखान्यामुळे त्याच्या पाण्याला तसाच वास यायचा. त्या पाण्यातलं क्लोरोफिनॉल हे विषारी रसायन विजेनं मोडायचा माझा प्रयोग भोरच्या कॉलेजात सारखा अडायचा. प्लॅटिनमच्या पट्टीवर चिकट तपकिरी थर बसायचा आणि वीज पुढे जाईना. सर म्हणाले, "विषय बदल." पण तो थर म्हणजे पाण्यातल्या विषाचा पुरावाच होता, म्हणून मी ती पट्टी घेऊन ग्रामसभेत गेले. कारखान्याचे साहेब म्हणाले, "पट्टीच खराब असेल." मी ती सगळ्यांसमोर घासून लख्ख केली आणि ओढ्याच्या पाण्यात बुडवून वीज सोडली. हळूहळू ती पुन्हा तपकिरी झाली. "पोरी, घरी जा आता," साहेब म्हणाले. माझी चुलती उठली. "ती न्हाई जायची. आमी बी न्हाई." सांडपाणी थांबवायचा ठराव त्याच दिवशी झाला, पण तो कागदावरच राहिला. मी मात्र प्रयोग सोडलेला नाही. थर बसतो, मी घासते आणि पुन्हा वीज सोडते.