आजी जमिनीवर आहेत

आमच्या रोबोटचे किस्से निघाले की मित्र हसून लोळतात. दर बैठकीला एखादा नवा आठवतोच. माझं डोकं मात्र अजूनही तापतं.

मोबाइल नुकते गावोगाव पोचले होते. हिंगोलीच्या एका कॉलेजात आम्ही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी रोबोट बनवत होतो. प्रमुख आमचे सर, जोडणी माझी. ट्रायलला जवळच्या साखरा गावच्या गयाबाई मिळाल्या. सत्तरीच्या, दारात चार शेळ्या. पुण्यातल्या मुलानं बजावलं होतं, "हे यंत्र जमलं तर ऱ्हा इथं, न्हाई तर चल माझ्याकडं." गयाबाईंना घर सोडायचं नव्हतं.

पहिल्याच दिवशी रोबोट उंबरठ्याला अडला. सर म्हणाले, "उंबरठा काढून टाका."

गयाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "याला म्हणा, पाय उचलाय शिक."

शेवटी तो चुलीच्या खोलीतच ठेवला.

गोळ्यांची आठवण तो भारदस्त पुरुषी आवाजात करायचा. गयाबाई लगबगीनं डोक्यावर पदर घ्यायच्या. का, म्हणून मी विचारलं. "परका माणूस बोलून राहिला ना बाबा." सरांनी वहीत लिहिलं, यंत्राबद्दल आदर वाटतो. बाईला स्वतःच्या घरात मोकळ्या डोक्यानं बसता येईना, आणि म्हणे आदर!

खरा संताप अलार्मचा. माणूस जमिनीवर दिसला की पडला असं समजून मुलाला मेसेज जायचा, 'आजी जमिनीवर आहेत.' मी आधीच म्हणालो होतो, "सर, इथं स्वयंपाक, जेवण, झोप, सगळं जमिनीवरच असतं."

"सगळ्या रिसर्च पेपर्समध्ये खुर्ची आणि पलंग आहे," सर म्हणाले. मी अलार्म तसाच जोडून दिला. त्याचाही राग आहेच.

मुलगा तीनदा पुण्याहून धावत आला. तिसऱ्यांदा त्यानं मला फोन केला. "साहेब, तिन्ही बार आई भाकरी थापून राहिली व्हती." त्यानं शेळ्या विकल्या, घराला कुलूप लावलं आणि आईला घेऊन गेला.

रोबोट आत चार्जिंगला लावलेलाच राहिला. महिनाभर एकही अलार्म नाही. मी सरांना सांगितलं, घर रिकामं आहे. ते म्हणाले, "डेटा स्वच्छ आहे ना?" तोच महिना त्यांनी पुण्याच्या परिषदेत पडद्यावर दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गयाबाईंनाही मुलासोबत बोलावलं होतं. सरांनी माईक पुढे धरला. "सांगा आजी, घरी एकट्यानं राहताना आता कसं वाटतं?"

गयाबाईंनी आधी मुलाकडं पाहिलं, मग सरांकडं.

"कोनाच्या घरी, बाबा?"