कंट्रोलर साहेबांची बारव

औशाच्या एसटी स्टँडवर तुमची गाडी चुकली, की एक माणूस खूश व्हायचा. ते आमचे कंट्रोलर साहेब. माइकवरून गाड्या पुकारणं हे त्यांचं काम. पण "सोलापूर गाडी निघून गेलेली आहे" एवढ्यावर त्यांचं भागत नसे. लगेच पुढचं यायचं, "पुढच्या गाडीला तासभर हाय. तोवर आपला किल्ला बघून घ्या. पायी पंधरा मिनिटं." पिशव्यांवर बसलेली दमलेली माणसं त्यांच्या खिडकीकडे चिडून बघायची. उठायचं मात्र कोणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आमच्या सेवा क्लबचे सेक्रेटरीही तेच. क्लब म्हणजे तरी कोण? दोन मास्तर, एक कंपाउंडर, पोस्टातले एक गृहस्थ आणि मी, नुकतीच शाळेत नोकरीला लागलेली. सुट्टी आली की आमची हाडं खिळखिळी झालीच म्हणून समजा. किल्ल्यातल्या बाभळी तोडा, गाजरगवत उपटा, बाहेरून कोणी पाहायला आलंच तर त्याला पायऱ्या तरी दिसू द्या! "सुट्टी झोपायला नसती, बाई," असं ते मला ऐकवायचे. मी मनातल्या मनात त्यांना काय म्हणायची, ते इथे लिहीत नाही.

लातूर नवा जिल्हा झाला आणि त्यांना चेवच चढला. नव्या जिल्ह्यातल्या पाहण्यासारख्या ठिकाणांची पुस्तिका निघणार, असं कुठूनतरी कानावर आलं होतं. तिच्यात औशाचा किल्ला छापून आला पाहिजे, बस्स, दुसरं काही सुचेना. अर्जांवर अर्ज गेले. शेवटी उत्तर आलं, की मे महिन्यात एक अधिकारी पाहणीला येतील.

"त्यांना दाखवायचं काय पण?" कंपाउंडरनी विचारलं.

"बारव हाय की. गाळ काढू."

दुष्काळाचं वर्ष, त्यात मे महिन्याचं ऊन. गावातल्या विहिरी आटलेल्या. पंधरा दिवस आम्ही त्या पायऱ्यांच्या विहिरीतला गाळ पाट्यांनी वर काढत होतो. माझ्या तळहातांना फोड आले, आई घरी शिव्या घालायची ते वेगळंच. मग एका सकाळी शेवटच्या पायरीखाली ओल दिसली. दुसऱ्या दिवशी तिथे गुडघाभर पाणी होतं, तेही गोड!

आता गप्प बसावं की नाही माणसानं? साहेब थेट माइकवर. "किल्ल्यातल्या बारवेला पाणी लागलेलं आहे हो! बघायला चला!" इतक्या वर्षांत त्यांच्या सांगण्यावरून कुणी जागचं हललं नव्हतं. त्या दिवशी अख्खं स्टँड उठलं. दोन दिवसांत गाव लोटलं, घागरी, डबे, बादल्या घेऊन. आम्ही झाडून काढलेल्या पायऱ्यांवर नुसता चिखल.

पाहणीच्या दिवशी सकाळपासून रांग होती. रांगेत आमच्या बौद्धवाड्यातल्या बायका होत्या, माझी आईही होती. कुणीतरी त्यांच्या घागरी पायाने मागे सरकवल्या. "तुम्ही मागून भरा" असं कोणी म्हटलं, आणि आरडाओरडा सुरू झाला. साहेब मध्ये घुसले. सरकवलेली प्रत्येक घागर त्यांनी स्वतःच्या हाताने उचलून जागेवर ठेवली. "स्टँडवर कसा नंबर असतोय? तसाच इथं. जी आधी आली, ती आधी भरल!"

तेवढ्यात दरवाजाशी जीप थांबली. मी धावत गेले. "साहेब, आलेत ते! चला लवकर!"

"थांबवा त्यांना जरा."

"अहो, थांबतात का ते? एवढे अर्ज केलेत तुम्ही!"

त्यांनी एकदा दरवाजाकडे पाहिलं. मग रांगेकडे पाहिलं. "मी हललो की घागरी हलत्यात, बाई," म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

अधिकाऱ्यांनी दरवाजातूनच चिखल पाहिला, गलका ऐकला, घड्याळ बघितलं आणि जीप वळवली. तोपर्यंत आईची घागर भरली होती.

मी संतापले होते. खोटं कशाला बोलू? पंधरा दिवस माती उपसली होती मी. "तुम्हीच घालवलंत सगळं. कुणी सांगितलं होतं माइकवर बोंबलायला?" मी त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं. ते कसनुसं हसले. "लोकं किल्ल्यात यायला लागलेत की नाही?" म्हणाले, पण आवाज बसलेला होता. संध्याकाळी घरी त्याच बारवेचं पाणी प्यायले आणि स्वतःचीच लाज वाटली. माफी मागायची तेवढी राहून गेली.

पुस्तिका निघाली. तिच्यात औसा नव्हतं. पाऊस पडेपर्यंत साहेब ड्युटी संपली की बारवेवर जाऊन नंबर लावत बसायचे. पुढे त्यांची अहमदपूरला बदली झाली, माझी नांदेडला. क्लब आपोआप मोडला. खरं सांगायचं तर सगळेच दमलो होतो.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. अहमदपूरला त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा वहिनींनी कपाटातून ती पुस्तिका काढून दिली. "तुम्हाला द्या म्हणले होते." शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांचं अक्षर होतं, गाड्यांच्या फलकावर लिहायचे तसं सरळ, टपोरं. 'औसा किल्ला. स्टँडपासून पायी पंधरा मिनिटं. पाहण्यासारखं: बारव. पाणी गोड. नंबरानं भरावं.' वहिनींसमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

अहमदपूरच्या स्टँडवर आले तर गाडी चुकलेली. "नांदेड गाडी निघून गेलेली आहे," माइकवर कोणीतरी तरुण आवाजात सांगितलं आणि माइक बंद झाला. मी पिशवीवर बसले. पुढचं वाक्य येईल म्हणून मी बराच वेळ त्या खिडकीकडे बघत होते.